टाकीखालची दोन झाकणं

दातांच्या डॉक्टरांची मोटरसायकल वर्कशॉपमध्ये आली तेव्हा ती ढकलूनसुद्धा सरकत नव्हती. मागचं चाक जाम झालं होतं. चौघांनी मिळून ती टेम्पोतून उचलून खाली ठेवली. वस्तादांनी कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कुठे पुरून ठेवली होती हो?"

डॉक्टर हसले. "घरामागच्या शेडमध्ये. वडिलांची आहे. लहानपणी मी फिरलोय हिच्यावरून, टाकीवर बसून. मग कधीतरी तिच्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. वडील गेल्या वर्षी गेले. म्हटलं, आता हिला उठवू या."

वस्ताद म्हणजे त्या रस्त्यावरचे जुन्या गाड्यांचे मेकॅनिक. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याच वर्कशॉपच्या मागच्या खोलीत पॉलिशचं काम करायची. तिला सगळे ताई म्हणायचे, चारचौघांत वस्तादसुद्धा. इंजिन भावाचं आणि चमक बहिणीची, अशी त्यांची वाटणी होती. ताईने लग्न करून पाहिलं होतं, नोकरीही करून पाहिली होती, आणि दोन्हीपेक्षा तिला हे बरं वाटलं होतं. मागच्या खोलीला एकच खिडकी, भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं बफिंग मशीन, त्यावर कापडाची जाड चाकं, आणि कोपऱ्याकोपऱ्यात साठलेला काळा कापूस. दिवसभर काम केलं की चष्मा आणि मास्कएवढी जागा सोडून तिचा चेहरा काळाकुट्ट व्हायचा. शेजारचा चहावाला म्हणायचा, "ताई, तुमच्याकडे जे येतं ते उजळून जातं, तुम्ही सोडून."

वस्तादांनी गाडी उघडली आणि अ‍ॅल्युमिनियमचे सगळे भाग एका टोपलीत घालून ताईकडे दिले. इंजिनाच्या दोन्ही बाजूंची मोठी कव्हरं, ब्रेकच्या पाट्या, आणि इंजिनाच्या डोक्यावर, पेट्रोलच्या टाकीच्या अगदी खाली बसतात ती दोन झाकणं, म्हणजे रॉकर कव्हरं. कारखान्यातून आलेलं जुनं वार्निश पिवळं पडून सालपटासारखं सुटलं होतं आणि त्याच्याखाली धातूवर बुरशीसारखी पांढरी पूड धरली होती.

ताईने नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. औषध लावून वार्निश काढलं. खोल ओरखडे बारीक कानसीने उतरवले. मग वॉटर पेपर, म्हणजे भिजवून घासायचा कागद, जाड्यापासून बारक्यापर्यंत, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवा. शेवटी चाकावर पॉलिशची वडी धरायची आणि मग तो भाग. हातातला धातू इतका तापतो की हातमोज्यातूनही चटका बसतो, आणि चाकाने कड पकडली तर भाग हातातून हिसकावून थेट भिंतीवर फेकला जातो. ताईच्या मागच्या भिंतीला अशा दोन-तीन खाचा होत्या.

गिअरच्या बाजूच्या मोठ्या कव्हरवर एक लांबट मळकट पट्टा होता. तो बुटाचा. वर्षानुवर्षं एकाच माणसाने गाडी चालवली की त्याचा बूट तिथे घासतो आणि धातू झिजतो. ताईला असे पट्टे बघायला आवडायचे. माणूस पाय जोरात दाबणारा होता की हलक्या हाताचा, म्हणजे हलक्या पायाचा, ते त्यावरून कळायचं. डॉक्टरांचे वडील हलक्या पायाचे होते. पट्टा घासून निघाला, कव्हर आरशासारखं झालं, आणि तसंच राहिलं.

रॉकर कव्हरांवरही अशाच खुणा होत्या. उजव्या कव्हरच्या बाहेरच्या कडेला अक्रोडाएवढा गोल डाग. डाव्यावर तसाच, पण तिरका, एका बाजूला ओढल्यासारखा. ताईने भिंग लावून पाहिलं. ओलीने धरलेला डाग खडबडीत असतो. हे डाग मऊ होते आणि त्यांतल्या बारीक रेघा सगळ्या वरून खाली गेलेल्या. म्हणजे काहीतरी तिथे पुन्हा पुन्हा आपटलं होतं. पण तिथे कुठल्या चालवणाऱ्याचा पाय पोचणार? ती जागा तर त्याच्या गुडघ्याच्याही पुढे, टाकीखाली. ताईने खांदे उडवले आणि दोन्ही कव्हरं पॉलिश करून, मेण लावून, मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवली.

सकाळी कापड उघडलं तर दोन्ही डाग होते तिथे होते.

ताईला वाटलं, पॉलिशच वरवर झालं असेल. तिने पुन्हा कागदापासून सुरुवात केली. चांगलं घासलं, चकचकीत केलं, खिडकीशी नेऊन तिरकं धरून पाहिलं. खिडकीचे गज त्यात स्वच्छ दिसत होते. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. बाकीचे सगळे भाग लखलखीत, आणि या दोन कव्हरांवर एक गोल, एक तिरका.

"दादा, या ओतकामात काहीतरी भेसळ आहे," ती भावाला म्हणाली.

वस्तादांनी कव्हर उलटंपालटं करून पाहिलं. "भेसळ असती तर आतूनही दिसली असती. तुझ्या हाताच्या घामाचं असेल."

"इतकी वर्षं माझ्या हाताला घाम नव्हता वाटतं?"

"वय झालं आता तुझं," वस्ताद म्हणाले आणि स्पॅनर घेऊन परत गाडीखाली गेले.

त्या दुपारी ताईला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. मशीनचं बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत नाही. त्याची घरघर उतरत उतरत जाते, आणि शेवटी नुसता वारा घातल्यासारखा आवाज राहतो. त्या उतरत्या घरघरीत तिला ऐकू आलं, टक्. आणि त्यामागून काहीतरी खरडल्यासारखं. पुन्हा टक्, पुन्हा खरड. अगदी सावकाश, कंटाळलेल्या माणसाने चाळा करावा तसं. चाक पूर्ण थांबलं आणि आवाजही थांबला. बाहेर कडक ऊन होतं, रस्त्यावर फळवाला ओरडत होता. ताईने मास्क काढला आणि खोलीत पाहिलं. बाकावर दोन कव्हरं शेजारी शेजारी पडली होती.

तिने मशीनचे बोल्ट आवळले, चाक बदललं, बेअरिंगमध्ये तेल घातलं. दुसऱ्या दिवशी चाक उतरताना पुन्हा टक्, आणि खरड. एक टाच आपटते आणि दुसरी घासते, असं तिच्या मनात आलं. आपल्या मनात टाच हा शब्द का आला, ते तिला कळेना. पण एकदा आला तो आला.

तिने भावाला सगळं सांगितलं. वस्तादांनी ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि म्हणाले, "आण इकडे. मी करतो." वस्तादांनी पॉलिशला हात लावल्याला जमाना झाला होता, पण हात विसरला नव्हता. त्यांनी दोन्ही कव्हरं स्वतः घासली, चाकावर धरली, खडूच्या पुडीने पुसली आणि कापडात न गुंडाळता तशीच आपल्या हत्यारांच्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली खिशात घातली. "आता बघू कुठला घाम येतो ते."

सकाळी त्यांनी पेटी बहिणीच्या समोरच उघडली. मग उजव्या कव्हरवरच्या गोल डागावर अंगठा ठेवला. ठेवला आणि लगेच उचलला.

"हात लाव," ते म्हणाले.

ताईने हात लावला. सकाळचा गारवा होता, सगळी हत्यारं थंडगार होती, कव्हरही थंड होतं. फक्त डागाची जागा कोमट होती. नुकतंच कुणी तिथून अंग काढून घेतल्यासारखी.

वस्ताद स्टुलावर बसले. "ताई," ते म्हणाले, "चहा सांग."

डॉक्टर आठवड्यातून एकदा गाडी बघायला यायचे. ते आले तेव्हा ताईने त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि कव्हरं दाखवली. उगाच भुताखेताची गोष्ट सांगतेय असं त्यांना वाटू नये म्हणून तिने फक्त एवढंच म्हटलं, "हे डाग जात नाहीत. कशाचे असतील, तुम्हाला काही आठवतं?"

डॉक्टरांनी कव्हर हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे माझेच. मी टाकीवर बसायचो म्हटलं ना. पाय खाली लोंबायचे, टाचा इथे आपटायच्या. अजून आठवतंय. समोर रस्ता, वारा, आणि तोंडावर सारखी रिबन यायची."

"कसली रिबन?"

"केसांची. माझ्या पुढे कुणीतरी बसलेलं असायचं ना." डॉक्टर बोलता बोलता थांबले. कव्हर त्यांच्या हातात तसंच राहिलं. "कोण बसायचं बरं?"

"बहीण असेल," ताई म्हणाली.

"मी एकटाच आहे."

"मग मामेबहीण, आतेबहीण?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग डाव्या कव्हरवरच्या तिरक्या डागाकडे. "आणि माझे पाय तर सरळ आहेत."

मग डॉक्टर स्वतःच म्हणाले की आईला विचारायला हवं. पण लगेच कचरले. गाडीचा विषय आईसमोर काढणं त्यांच्या घरात टाळलं जायचं. वडिलांनी ती विकायची म्हटलं की आई जेवण सोडायची. भंगारवाला गल्लीत ओरडला की शेडच्या दारासमोर जाऊन उभी राहायची. गाडी दुरुस्तीला द्यायची ठरली तेव्हा मात्र ती काहीच बोलली नव्हती. फक्त रोज सकाळी चहा देताना विचारायची, "कधी परत येणार?"

"मला वाटायचं ती गाडीबद्दल विचारते," डॉक्टर म्हणाले.

ताईने कव्हरं फडक्यात गुंडाळली आणि त्यांच्याबरोबर निघाली.

डॉक्टरांची आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून मटार सोलत बसली होती. खिडकीतून मागची शेड दिसत होती. शेडचं दार सताड उघडं, आत रिकामं. म्हातारीने ताईच्या काळ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पॉलिशवाली ना तू? बस. हात धुवायचे असतील तर तिकडे नळ आहे."

"हे धुऊन जात नाहीत, काकू," ताई म्हणाली आणि खुर्चीवर बसली. फडकं उघडून तिने कव्हरं टेबलावर ठेवली. "हे डाग मी पुसते, आणि सकाळी परत येतात. माझ्या भावानेही पुसले. कुलपात ठेवले तरी येतात. मला वाटलं, तुम्हाला दाखवावेत."

म्हातारीने मटाराचं ताट बाजूला सारलं. दोन्ही हात आपल्या कपड्यांना पुसले आणि दोन अंगठे दोन डागांवर ठेवले. डॉक्टर दारात उभे होते.

"डावा पाय आत वळलेला होता तिचा," ती म्हणाली. "जन्मापासूनच. प्लास्टर घालून घालून सरळ करत होते हाडांचे डॉक्टर. चालताना दुखायचं, म्हणून हे तिला संध्याकाळी गाडीवर फिरवून आणायचे. कालव्याच्या पुलापर्यंत. तिला पाणी बघायला आवडायचं. जाताना आणि येताना टाचांनी ठेका धरायची. गल्लीच्या तोंडाशी आली की मला इथे ऐकू यायचं."

"कोण, आई?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुझी मोठी बहीण." ती मुलाकडे न बघता बोलत होती. "तापात गेली. तू व्हायच्या आधी. शेवटी शेवटी एकच धोशा लावला होता तिने, गाडीवर न्या म्हणून. हे म्हणाले, ताप उतरू दे, मग जाऊ पुलावर. ताप काही उतरला नाही. त्यानंतर यांनी गाडीला किक मारली नाही."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"हे म्हणाले, नवं मूल आहे, त्याच्यावर कशाला सावली. मलाही पटलं तेव्हा."

डॉक्टर आत येऊन जमिनीवरच बसले, आईच्या खुर्चीपाशी. "पण मी बसलोय गाडीवर. मला वारा आठवतो."

"तू जन्मलास तेव्हा गाडी बंद होती," म्हातारी म्हणाली. "तू शेडमध्ये जाऊन बसायचास. शाळेतही जात नव्हतास तेव्हा. एकदा तुला शोधत आले तर ताडपत्री वर करून आत टाकीवर बसलेला. पार मागे सरकून, अगदी सीटला टेकून. मी म्हटलं, पुढे सरक, पडशील. तर म्हणालास, पुढे जागा नाहीये."

ताटातला एक मटार घरंगळून खाली पडला.

"तुला उचलून आणलं आणि शेडला कुलूप लावलं," ती म्हणाली. "पण गाडी काही जाऊ दिली नाही. ती कुठे आहे ते मला माहीत होतं ना. बाकी काही नाही तरी एवढं तरी होतं." मग तिने कव्हरं ताईच्या हातात दिली. "आता पुसू नकोस. आहेत तशीच बसव."

वस्तादांनी गाडी पूर्ण केली. टाकीला नवा रंग, सगळं अ‍ॅल्युमिनियम झळाळतं, आणि टाकीखाली त्या दोन डागांची कव्हरं. पहिली किक त्यांनी स्वतः मारली. इंजिन सुरू झालं तेव्हा नेहमीसारखे हसले नाहीत. कान देऊन ऐकत राहिले, मग बंद केलं. त्यानंतर ताईला म्हणाले, "चालवून बघायला मी नाही जाणार. ज्याची त्यानेच चालवावी."

म्हणून गाडी टेम्पोत घालून दोघं भावंडं डॉक्टरांकडे घेऊन गेली. ऊन उतरायला लागलं होतं. डॉक्टरांची आई फाटकात उभी होती. डॉक्टरांनी किक मारली, गाडीवर बसले, आणि बसताना नकळत मागे सरकले. वस्ताद म्हणाले, "थोड्या अंतरावर थांबून एकदा तेल गळतंय का बघा." आई मात्र एवढंच म्हणाली, "सावकाश ने."

डॉक्टर गेले. ताई आणि वस्ताद पायरीवर बसले. म्हातारी फाटकातून हलली नाही. गाडीचा आवाज दूर गेला, नाहीसा झाला, आणि बऱ्याच वेळाने परत येऊ लागला. म्हातारीने मान तिरकी केली. ती काय ऐकतेय ते ताईला कळलं. पण इंजिनाशिवाय दुसरा कुठलाही आवाज येत नव्हता.

डॉक्टर फाटकातून आत आले, गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाले, "मस्त चालते वस्ताद. जाताना जरा जड वाटली, येताना पिसासारखी."

म्हातारीने वाकून टाकीखाली पाहिलं. मग ताईने पाहिलं. दोन्ही कव्हरं कडेपासून कडेपर्यंत आरशासारखी होती. त्यांत संध्याकाळचं आभाळ दिसत होतं, आणि वाकलेल्या दोघींचे चेहरे.

ताईला क्षणभर हायसं वाटलं. संपलं एकदाचं, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण म्हातारी सरळ उभी राहिली आणि मुलाकडे वळली.

"कुठे उतरलास तू?" तिने विचारलं.

"कालव्याच्या पुलावर," डॉक्टर म्हणाले. "तिकडे जायचं असं काही ठरवलं नव्हतं. मीच गाडी वळवली, पण का वळवली ते सांगता येणार नाही. पुलावर थांबलो, स्टँड लावला, तेल बघितलं, जरा कठड्याशी उभा राहिलो आणि आलो."

"तिला तिथेच सोडून आलास," आई म्हणाली.

डॉक्टरांनी वाकून कव्हरांकडे पाहिलं.

"इतकी वर्षं घरात होती. दाराला कुलूप होतं, पण घरात होती." तिचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "आता अंधार पडेल. चल, आपण तिला घेऊन येऊ."

तिला कुणी अडवलं नाही. ती मुलाच्या मागे बसली. एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा सीटखाली घट्ट. वस्तादांनी टेम्पो मागोमाग घेतला. "हळू चालव रे," असं तिने डॉक्टरांना एकदाही म्हटलं नाही.

पूल साधाच होता. दोन्हीकडे दगडी कठडा, खाली भरून वाहणारा कालवा, पलीकडे झाडांची रांग. वाहनं क्वचितच. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. म्हातारी उतरली आणि कठड्याच्या बाजूने चालत गेली, दोन पावलं पुढे, एक मागे, काहीतरी पडलेलं शोधावं तशी. एका जागी थांबली. तिथे कठड्यावर टेकून बसली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

मग ती बोलायला लागली. तिघं जण दूर उभे होते, त्यांना शब्द ऐकू येत नव्हते. मधे मधे ती गप्प व्हायची, मान हलवायची, पुन्हा बोलायची. एकदा ती चक्क हसली. डॉक्टरांनी तोंड फिरवलं आणि कालव्याकडे बघत राहिले. वस्तादांनी टोपी काढून हातात धरली होती. ताईची नजर म्हातारीच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली की तिला तिथे फार वेळ बघवत नव्हतं. काही दिसत होतं म्हणून नव्हे. नीट पाहिलं तर दिसेल, असं वाटत होतं म्हणून.

शेवटी म्हातारी उठली आणि एकटीच परत आली.

"नाही येत म्हणते," ती म्हणाली.

"आई," डॉक्टर म्हणाले.

"ताप उतरला की बाबा इथेच आणणार होते. म्हणते, बाबा येतील. त्यांची वाट बघते म्हणते."

"मग?"

"मग काय. थांब म्हटलं." तिने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "तिचंही बरोबर आहे. त्यांनाही हीच जागा माहीत आहे. शेडमध्ये कशाला येतील ते." मग मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन ती गाडीवर चढली. परत येताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

पुढे फारसं काही घडलं नाही. कव्हरांवर पुन्हा डाग आले नाहीत. डॉक्टरांनी शेड साफ करून घेतली, तिला एक मोठी खिडकी बसवली, आणि त्यांची आई आता दुपारी तिथे शिवणाचं मशीन घेऊन बसते. बहिणीचं नाव त्यांनी आईला विचारून घेतलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि वस्तादांनी किंवा ताईने विचारलंही नाही. गाडीवर बसताना डॉक्टर अजूनही मागे सरकून बसतात. त्याने पाठ धरते अशी तक्रार त्यांनी केली तेव्हा वस्तादांनी हँडल थोडं मागे वळवून दिलं.

ताईला मात्र सवय लागली होती. मशीन बंद केलं की चाक थांबेपर्यंत ती श्वास रोखून उभी राहायची. नुसती घरघर उतरायची, आणि मग काही नाही. त्या काही नाहीचा तिला त्रास व्हायचा. कुणाला सांगायची सोय नव्हती.

एकदा एका गिऱ्हाइकाकडे भाग पोचवून ती टेम्पो घेऊन परत येत होती. वाटेत तो पूल होता. दुसऱ्या रस्त्यानेही जाता आलं असतं, पण ती त्याच रस्त्याने आली. पुलावर वेग कमी केला आणि मग थांबलीच. उन्हाची तिरीप कठड्यावर पडली होती. कठडा रिकामा होता. थोडं पुढे एक माणूस गळ टाकून बसला होता, शेजारी डबा, डोक्यावर चुरगळलेली टोपी.

"काही लागतंय का?" ताईने टेम्पोतूनच विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"कुठलं लागतंय. बसायचं आपलं." माणसाने तिच्याकडे आणि रिकाम्या कठड्याकडे आळीपाळीने पाहिलं. "कुणाला शोधताय का?"

"नाही. इथे लहान पोरं येतात का हो खेळायला?"

"पोरं नाही येत. एक माणूस येतो संध्याकाळचा, पोरीला टाकीवर बसवून. जुनी मोटरसायकल आहे. पाणी दाखवतो तिला आणि घेऊन जातो." त्याने गळाची दोरी थोडी ओढून पाहिली. "आज अजून आला नाही. येईलच आता."

डॉक्टर असतील आणि कुणाची तरी मुलगी असेल, असं ताईने स्वतःला सांगून पाहिलं. डॉक्टरांना मूल नव्हतं. जुन्या मोटरसायकली पुष्कळ असतात आणि टाकीवर पोरं बसवणारे बापही पुष्कळ. ऊन कठड्यावरून खाली सरकत होतं. थोडा वेळ थांबलं असतं तर तिला आपल्या डोळ्यांनी बघता आलं असतं.

तिने टेम्पो सुरू केला, त्या माणसाला हात केला आणि निघून गेली.